फवारणीचं धुणं

वर्षालीला सहावा महिना लागला तरी तिच्या उलट्या थांबेनात. माणिकबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, आधी आवळा दिला, मग लिंबाची फोड, मग शेजारणीने सांगितलेली भाजलेली वेलची. एकदा मीठ-मिरच्या ओवाळून दृष्टही काढली. कशाचाच उपयोग झाला नाही. बरं, उलट्या रोज होत असत्या तर गोष्ट वेगळी. आठ-आठ दिवस पोरगी ठणठणीत असायची, दोन भाकरी आणि वर ठेचा हाणायची, आणि मग एखाद्या दिवशी दुपारी डोकं धरून आडवी व्हायची. तोंडाला पाणी सुटायचं, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा ठेचा.

वर्षाली अकोल्याची. लग्नाआधी दोन वर्षं ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीवर बसत होती. कोणाचं रक्त किती वाजता घेतलं, लघवीची बाटली कधी आली, सगळं लिहून ठेवणं हे तिचं काम. ती सवय सासरी आल्यावरही सुटली नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती उलटीच्या दिवशी पेन्सिलीने छोटा 'उ' काढून ठेवायची. डॉक्टरने विचारलं तर सांगता यावं म्हणून, दुसरं काही नाही.

त्याच कॅलेंडरवर तिचा नवरा योगेश 'फ' काढायचा. फ म्हणजे फवारणी. अंजनगाव सुर्जीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचं गाव. गावाच्या टोकाला घर आणि घराला लागूनच दोन एकर शेत. त्यात वांगी, टोमॅटो आणि दसरा-दिवाळीसाठी झेंडू. वांग्याला अळी लवकर लागते आणि झेंडूला मावा. म्हणून योगेश आणि त्याचे वडील शेषराव आठवड्याला पाठीवर पंप घेऊन औषध मारायचे. फवाऱ्याच्या विषाला या भागात सगळे औषधच म्हणतात.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी आशा कार्यकर्ती संध्या वजन करायला आली. संध्या गावातलीच, बुद्धविहाराजवळ राहणारी. दहा वर्षांत तिने गावातल्या निम्म्या बाळंतपणांचा पाठपुरावा केला होता, आणि कोणाच्याही घरात शिरून पाण्याच्या माठात डोकावून पाहायचा तिला हक्कच मिळाल्यासारखा होता. वर्षालीचं वजन मागच्या वेळेपेक्षा जेमतेम पाव किलोने वाढलेलं पाहून संध्याने तिला पुन्हा एकदा काट्यावर उभं केलं. मग खुर्चीवर बसून चहा पिता पिता तिची नजर कॅलेंडरवर गेली.

तिने विचारलं, हा 'उ' कशाचा. वर्षालीने सांगितलं. मग तिने विचारलं, हा 'फ' कशाचा. तेही वर्षालीने सांगितलं. संध्या कप खाली ठेवून उठली आणि भिंतीजवळ जाऊन एकेक तारीख बोटाने मोजू लागली. ऑगस्टच्या पानावर चार फ होते, चार उ होते. प्रत्येक उ हा फच्या दुसऱ्या दिवशी होता. सप्टेंबरचंही तेच.

"फवारनीचे कपडे कोन धुते?" संध्याने विचारलं.

"मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"हातानं?"

"मंग कायनं? ह्यायचे दोन जोड अन् मामंजीचे दोन जोड. वास लय येते, म्हनून दोनदा घासा लागते."

संध्या परत येऊन बसली. आवाज न चढवता ती म्हणाली, "औषध म्हनतो न आपन त्याले, म्हनून भेव वाटत नाई. किडे मारासाठी केलं हाये ते, वर्षाली. हातातून जाते, नाकातून जाते, अन् तुह्या हातातून आत गेलं का ते पोटातल्यापासून काही दूर रायत नाई."

वर्षालीने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. बोटांच्या पेरांची सालपटं निघाली होती. ती समजत होती की धुण्याच्या पावडरीने.

संध्या जाताना दोन गोष्टी सांगून गेली. एक, त्या कपड्यांना आता हात लावायचा नाही, जो धुईल त्याने हातमोजे घालायचे. दोन, गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात यायचं, मी सोबत असेन.

संध्याकाळी वर्षालीने योगेशला कॅलेंडर दाखवलं. योगेश मितभाषी माणूस. त्याने दोन्ही पानं पाहिली, मान खाजवली आणि म्हणाला, "मंग मी धुतो." एवढंच. जणू भाजी आणायची राहिली होती आणि तो आणतो म्हणाला. माणिकबाईंना मात्र ते पटलं नाही. त्या म्हणाल्या की आम्ही आयुष्यभर हेच कपडे धुतले, आम्हाला काय झालं, दिवस गेलेल्या बाईला उलट्या व्हायच्याच. पण योगेशने आधीच बादली उचलली होती.

अडचण एकच होती. नळ अंगणात होता आणि अंगण रस्त्यावर. संध्याने हातमोजे घाल म्हटलं होतं. ते घरात नव्हते, म्हणून योगेशने दुधाच्या पिशव्या मनगटाला सुतळीने बांधल्या आणि नाकाला रुमाल गुंडाळून तो दगडावर कपडे आपटू लागला. नेमका तेव्हाच त्याचा मित्र ललित मोटरसायकलवरून चालला होता. तो थांबला. त्याने खूप काळजीने विचारलं, कळा कधीपासून सुरू झाल्या. मग त्याने एक फोटो काढला आणि निघून गेला.

तासाभरात तो फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. कोणी लिहिलं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठवा. कोणी विचारलं, आमचेही चार जोड आहेत, कधी आणून टाकू. योगेशने सगळं वाचलं आणि फोन खिशात टाकला. वर्षालीला मात्र हसू आवरेना. ती म्हणाली, फोटोत तुम्ही दिसता बरे, फक्त रुमाल जरा सरळ बांधायला पाहिजे होता.

गुरुवारी वर्षाली, माणिकबाई आणि संध्या दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिने कॅलेंडरची पानं नीट पाहिली. माणिकबाईंच्या नापसंतीला न जुमानता वर्षालीने ती भिंतीवरून फाडून सोबत आणली होती. डॉक्टरने रक्त तपासलं, सोनोग्राफी करवली. बाळ ठीक होतं, पण महिन्याच्या मानाने थोडं लहान भरत होतं. रक्तही कमी होतं. डॉक्टर म्हणाली की उलट्या फवारणीमुळेच असं मी लिहून देऊ शकत नाही, पण तुमचं कॅलेंडर खोटं बोलत नाही. त्या कपड्यांपासून, डब्यांपासून, फवारलेल्या वाफ्यांपासून तीन महिने लांब राहा. मग तिने नेहमीचे प्रश्न विचारले. आधीचं मूल? नाही. आधी कधी गर्भ गेला होता? नाही.

हा शेवटचा प्रश्न वर्षालीसाठी होता. पण मागच्या बाकावर बसलेल्या माणिकबाई तो ऐकून खिडकीबाहेर पाहू लागल्या. परतीच्या एसटीत भुईमुगाच्या शेंगा विकायला आल्या, त्याही त्यांनी घेतल्या नाहीत.

घरी शेषराव ओट्यावर बसून त्यांचीच वाट पाहत होते. चौकात कोणीतरी त्यांना तो फोटो दाखवला होता. शेषराव तसे वाईट माणूस नव्हते. वांग्याच्या रोपाशी बोलणारा माणूस वाईट असू शकत नाही. पण चाळीस वर्षं त्यांनी या गावात मान ताठ ठेवली होती आणि आता त्यांचा मुलगा हाताला दुधाच्या पिशव्या बांधून गावभर फिरत होता. वर्षाली आत गेली तसं त्यांनी योगेशला बोलायला सुरुवात केली. घरात दोन बाया असताना माणसाने धुणं धुवायचं, आमच्या खानदानात हे कोणी पाहिलं नाही, असं बरंच काही.

माणिकबाई पायरीवर चपला काढत होत्या. त्या तशाच थांबल्या.

"माही दोन गेली," त्या म्हणाल्या. "योगेशच्या आधी. एक पाचव्या महिन्यात, एक सातव्यात. तवा आपल्या वावरात कापसाची पऱ्हाटी होती. तुमी औषध मारून या अन् मी नाल्यावर बसून धू. आता त्यानंच गेली का आनखी कायनं गेली, मले मालूम नाई. पन तवा मले कोनं विचारलंबी नाई, का माणिके, तू काय धुते म्हनून. आज त्या डाक्टरीननं विचारलं. माह्या सुनेले विचारलं."

माणिकबाई चपला बाजूला ठेवून आत गेल्या आणि भाकरीचं पीठ मळायला बसल्या. त्या रात्रीच्या भाकरी जरा जाडच झाल्या होत्या.

पुढच्या फवारणीनंतर धुण्याच्या ढिगात शेषरावांचे कपडे नव्हते. त्याच्या पुढच्या वेळीही नव्हते. माणिकबाईंना वाटलं, रागाने म्हातारा तेच कपडे न धुता घालतो की काय. त्या शेतात पाहायला गेल्या. विहिरीजवळच्या लिंबाच्या झाडावर शेषरावांचा सदरा आणि धोतर वाळत होतं. झाडामागे त्यांनी एक खड्डाही खणला होता, धुण्याचं पाणी पाटात जाऊ नये म्हणून. सदऱ्याच्या खिशात पावडरीचा मूठभर गोळा तसाच भिजून बसला होता. माणिकबाईंनी तो काढून फेकला, सदरा जरा नीट पसरला आणि आपण तिथे आलोच नव्हतो अशा थाटात घरी परतल्या.

योगेशलाही त्या महिन्यात एक गंमत कळली. एका सकाळी तो नळावर असताना ललित पुन्हा थांबला. या वेळी त्याने फोन काढला नाही. मोटरसायकल स्टँडवर लावून तो जवळ आला आणि इकडेतिकडे पाहत विचारलं की ते हातमोजे कुठे मिळतात, म्हणजे खरे हातमोजे. त्याच्या घरी मुलीला सारखा खोकला होता आणि बायकोने त्याला सरळ सांगून टाकलं होतं की फवाऱ्याचे कपडे घेऊन घरात शिरायचं नाही. योगेशने परतवाड्याच्या कृषी केंद्राचा पत्ता दिला. डिंकाच्या लाडवांची चौकशी करायचा मोह त्याने टाळला.

वर्षालीच्या उलट्या थांबल्या. ऑक्टोबरच्या पानावर एकही उ नव्हता. अंगात जोर आला तसा तिला घराकडे बघायलाही वेळ मिळाला आणि तिला डबे दिसू लागले. पूर्वी दिसले नव्हते असं नाही, पण आता ते मोजले जाऊ लागले. औषधाचे रिकामे पाच लिटरचे डबे. एकात शेतावर प्यायचं पाणी जायचं. एकात मोटरसायकल धुवायचं पाणी. दोन गल्लीतल्या पोरांनी क्रिकेटच्या यष्टी म्हणून नेले होते, आणि खेळून दमली की त्यातल्याच एकाच्या झाकणाने ती पोरं पाणी पीत होती. काही डब्यांवरचा विषाचा लाल त्रिकोण अजूनही ताजा होता.

एका दुपारी, घरात कोणी नसताना, तिने चुलीत सळई तापवली. पोरांना प्रत्येकी एक चॉकलेट देऊन यष्ट्या परत मिळवल्या आणि ओट्यावर बसून एकेका डब्याला चार-चार भोकं पाडली, पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून. डॉक्टरने डब्यांपासून लांब राहायला सांगितलं होतं, पण तिला राहवेना; तिने हातमोजे घातले, धूर नाकात जाऊ नये म्हणून पदर बांधला आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली. सहा डबे झाले. सातवा गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला होता. तो जरा जड होता, पण तिला वाटलं, पावसाचं पाणी साचलं असेल.

सळई आत गेली आणि जो वास बाहेर आला त्याचं वर्णन करणं अवघड आहे. पंधरा दिवस सडवलेला कडुनिंबाचा पाला, सीताफळाचा पाला, लसूण आणि गोमूत्र यांचं ते पाणी होतं. ते अंगणभर पसरलं, रस्त्यावर आलं, आणि शेजारच्या घरातून दोन माणसं नाक धरून बाहेर धावली. वर्षाली सळई टाकून लांब जाऊन उभी राहिली आणि या वेळी उलटी झाली तर कॅलेंडरवर काय लिहायचं, याचा विचार करू लागली. उलटी झाली नाही.

शेषराव आले तेव्हा माणिकबाई अंगणात पाण्यावर पाणी ओतत होत्या. ते काही बोलण्याआधी योगेशने विचारलं, हे गोठ्यात कोणी ठेवलं होतं. म्हाताऱ्याने आधी पागोटं सारखं केलं.

"मीच," शेषराव म्हणाले. "कृषीवाल्या पोट्ट्यानं सांगतलं होतं. माव्यावर चालते म्हने. आधी करून पाहू, मंग सांगू म्हटलं. गावात लोक हासतीन न बापा, का शेषराव आता पाला सडवून राहिला."

मग ते सुनेकडे वळले. ती रडवेली होऊन उभी होती, डबा फोडल्याची माफी मागणार होती. तिच्याआधी तेच म्हणाले, "तू लांब हो बाई. वास घेऊ नोको."

पुढे त्यांनी पुन्हा पाला सडवला, या वेळी मातीच्या रांजणात आणि गावापासून दूर. माव्यावर ते खरंच चाललं. वांग्याच्या अळीवर नाही चाललं. तिथे फवारणी करावीच लागली, पण आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी, आणि ती करताना बाप-लेक दोघेही डोळ्यांना चष्मे लावून शेतात असे दिसायचे की झेंडू तोडायला येणाऱ्या बायका आधी घाबरल्या आणि मग दिवसभर हसत राहिल्या.

आठव्या महिन्यात वर्षाली माहेरी अकोल्याला गेली. तिथे तिच्या वडिलांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रोज संध्याकाळी कचरा जाळायचे, प्लास्टिक, थर्माकोल, सगळं. लहानपणापासून ती तो धूर पाहत आली होती. आता पहिल्याच संध्याकाळी तिने वडिलांच्या हाती पाण्याची बादली दिली. बिचारे निवृत्त पोस्टमन, कोणाशी कधी भांडले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी पेटवणाऱ्याची क्षमा मागून आग विझवली. चौथ्या दिवशी त्यांच्यासोबत गल्लीतल्या तीन आज्या आपापल्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. पंधराव्या दिवशी घंटागाडी कोपऱ्यापर्यंत येऊ लागली. रोज नाही, पण येऊ लागली.

डिसेंबरच्या एका दुपारी वर्षालीला मुलगी झाली. दोन किलो आठशे. फोन आला तेव्हा योगेश शेतात होता. तो तसाच निघाला, अकोटला गाडी बदलून संध्याकाळच्या आत अकोल्याला पोचला. मागोमाग दुसऱ्या दिवशी माणिकबाई आणि शेषराव आले, सोबत वांग्यांची एक गोणी, जी दवाखान्याच्या आत न्यायला चौकीदाराने नकार दिला. शेषरावांनी ती त्यालाच देऊन टाकली. नातीला घेण्याआधी त्यांनी कोपरापर्यंत दोनदा हात धुतले. नर्स म्हणाली, बाबा, पुरे. ते म्हणाले, अजून एकदा. मुलीचं नाव योगेशने ठरवलं, दामिनी. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला न विचारता काही ठरवलं होतं, म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं.

फेब्रुवारीत वर्षाली बाळाला घेऊन सासरी आली. सकाळी माणिकबाई दामिनीला तेल लावून मागच्या अंगणात कोवळ्या उन्हात घेऊन बसायच्या. बांधापलीकडे महादेवरावांची संत्र्याची बाग होती. एका सकाळी महादेवरावांनी ट्रॅक्टरला जोडलेला मोठा फवारा सुरू केला आणि पांढरा फवार संत्र्यांवरून उठून सरळ अंगणाकडे येऊ लागला. माणिकबाईंनी बाळाला उचलून आत नेलं, वर्षालीच्या हाती दिलं, दार-खिडक्या लावायला सांगितलं आणि डोक्यावर पदर घेऊन त्या तडक बांधावर गेल्या.

ट्रॅक्टर थांबेपर्यंत त्यांनी हात हलवला. महादेवराव खाली उतरले. त्यांना बाळ आल्याचं माहीतच नव्हतं, ते ओशाळले. म्हणाले, "माणिकवयनी, मी टॅक्टरवर बसलो का मले हवा कोनीकडची हाये थे समजत नाई. कानाले रुमाल, डोयाले चष्मा. पान हालते थे माह्याच फवाऱ्यानं हालते."

माणिकबाईंना हे खरं वाटलं. त्या घरी आल्या. ट्रंकेतून एक जुनं डाळिंबी लुगडं काढलं, त्याची हातभर रुंद, दोन हात लांब चिंधी फाडली. योगेशने टोमॅटोच्या मांडवातला सगळ्यात उंच बांबू उपसून दिला. शेषरावांनी तो बांधाच्या मधोमध ठोकून घट्ट केला आणि चिंधी वर फडफडायला लागली. तिचं टोक घराकडे होतं. महादेवरावांनी ते पाहिलं आणि ट्रॅक्टरची चावी काढून खिशात टाकली.

वर्षालीने बांधावर चहा नेऊन दिला. तिघं पुरुष आणि माणिकबाई चिंधीकडे बघत चहा प्यायले. महादेवरावांनी विचारलं, पोट्टी कोणासारखी दिसते. शेषराव म्हणाले, अजून कोणासारखीच नाही, नुसती झोपते. दहाच्या सुमारास चिंधी लटकली, दोनदा गोल फिरली, आणि हळूहळू घराच्या उलट, नाल्याच्या बाजूला वळून तशीच राहिली. महादेवरावांनी कप बांधावर ठेवला आणि ट्रॅक्टरकडे चालायला लागले.